दुखणं थांबलं, पण हाड भरलं का? भरतीसाठी पळणाऱ्यांच्या स्ट्रेस फ्रॅक्चरवर सविस्तर फिजिओथेरपी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की महिना-दीड महिन्यात माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नडग्या यायला लागतात. मुलगा खुर्चीत बसतो, ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत सरकवतो आणि एक बोट टेकवून म्हणतो, "मॅडम, आठेच दुखस," म्हणजे इथेच दुखतं. त्या एका बोटात अर्धं निदान असतं. पोटरीत गोळा आलेला माणूस सगळा पाय चोळून दाखवतो. हाडाला बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, गेलेल्याला मात्र जागा नेमकी ठाऊक असते.

धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर ही पोरं-पोरी पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. हे सगळं ते 'ग्राउंड' या एका शब्दात सांगतात. वर्षभर पळणाऱ्याला सहसा काही होत नाही. ज्याने शेतातून थेट भरतीची अकॅडमी गाठली आणि पहिल्याच आठवड्यात रोज सहा-आठ किलोमीटर सुरू केले, तो तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या आठवड्यात माझ्यासमोर बसलेला असतो. हे आठवडे उगाच ठरलेले नाहीत.

हाडात नेमकं होतं काय

हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असतं. भार वाढला की शरीर आधी तिथलं जुनं हाड खरवडून काढतं आणि मग नवं भरतं. खरवडायला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला तीन महिने. गल्लीत पाइपलाइनसाठी चर खणलाय, तो बुजायच्या आतच वरून रोज उसाचा ट्रॅक्टर जातोय, असं समजा. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कमजोर असतं आणि नेमक्या त्याच वेळी अकॅडमीत राउंड वाढवले जातात.

दुखणं जुनंच आहे. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन १८५५ मध्ये केलं. एक्स-रेचा शोध त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८९५ मध्ये लागला. आपल्याकडे चैत्रात खानदेशातून वणीच्या गडावर पायी जाणाऱ्यांपैकी कुणाचं पाऊल परतल्यावरही सुजलेलं राहतं, बोटांच्या मागच्या लांब हाडावर दाबलं की कळ येते. वर्षभर दुकानात बसून अचानक शे-दीडशे किलोमीटर चाललं की हेच होणार.

आधी ओळख पटवा

नडगीच्या आतल्या कडेवर हाताचं बोट वरून खाली फिरवा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे सारखंच दुखत असेल आणि वॉर्मअपनंतर कमी होत असेल, तर ते बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीच्या कडेचं ताणाचं दुखणं, चीर नव्हे. दोन बोटांच्या जागेत टोचल्यासारखं दुखत असेल, पळताना वाढतच जात असेल, पुढे पुढे चालताना आणि रात्री झोपेतही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चर समजूनच वागा. शिन स्प्लिंट अंगावर काढलं की त्याचंही कधीकधी स्ट्रेस फ्रॅक्चर होतं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर चीर बहुतेक वेळा दिसतच नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ बिनधास्त" हे वाक्य ऐकून आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी हाडावर आलेला उंचवटाही पाहिला आहे. लवकर आणि खात्रीने दाखवतो तो एमआरआय. तो परवडत नसेल तर स्ट्रेस फ्रॅक्चर आहे असं धरून पळणं थांबवायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढायचा.

काही जागा मात्र घरी सांभाळायच्या नाहीत. पळताना किंवा एका पायावर उभं राहताना जांघेत दुखत असेल, तर मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असू शकते. अशा वेळी उडी मारून बघायची नाही, पळायचं नाही, दोन कुबड्या घेऊन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचं. ती चीर सरकली तर थेट ऑपरेशन. नडगीची अगदी समोरची कड, घोट्यापुढे पावलाच्या कमानीवरचा उंचवटा, करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाचं मूळ आणि घोट्याचं आतलं टेंगूळ या जागाही तशाच. तिथे हाड सावकाश भरतं, कधी भरतच नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या अस्थिरोग विभागात दाखवा.

इथून पुढचं सगळं कमी धोक्याच्या जागांसाठी आहे: नडगीची आतली-मागची कड, पोटरीकडचं बारीक हाड, पावलातली मधली लांब हाडं. तेही एकदा तपासून घेतल्यावरच.

पहिली पायरी: न दुखता चालणं

पहिल्या दोन-तीन आठवड्यांचं काम एवढंच. लंगडत असाल तर पायावर भार जास्त पडतोय. मग दोन कुबड्या किंवा डॉक्टरांनी दिलेला वॉकिंग बूट वापरा. लंगडणं गेलं की एक कुबडी पुरते, पण ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. दहापैकी नऊ जण ती चुकीच्या हातात धरून येतात.

"मॅडम, पळणं बंदच आहे," असं मुलं सांगतात. मग विचारलं की कळतं, सकाळी केळीचे घड खांद्यावरून बांधापर्यंत नेले, दुपारी फवारणीचा पंप पाठीवर घेतला, संध्याकाळी त्याच पायाने गाडीला किक मारली. हाडाला मैदान आणि शेत यातला फरक कळत नाही. घरच्यांना स्पष्ट सांगा, तीन आठवडे ओझं नाही. लाज वाटत असेल तर माझ्या नावाने सांगा.

नडगीला तेल लावून जोरात चोळून घेणं बंद. हाडवैद्याकडचा लेप नुसता वरून लावला तर बिघडणार नाही, पण चिरेवर अंगठा रगडला तर बिघडेल. सुरुवातीच्या दिवसांत ठणका असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा. त्याने बरं वाटतं, हाड भरत नाही. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेऊन दिवस काढू नका. त्या हाड भरण्याच्या आड येऊ शकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे दुखण्याची सूचनाच बंद करतात. डॉक्टरांना विचारून गरजेपुरती पॅरासिटॅमॉल पुरते.

आता माझ्याच धंद्याविरुद्ध बोलते. माझ्याकडे मशिन आहेत आणि पेशंटला 'करंट' लावून घेतल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही. पण मशिनने स्ट्रेस फ्रॅक्चर लवकर भरतं याचा भक्कम पुरावा नाही. दहा दिवसांच्या मशिनचे पैसे चांगल्या आहाराला लावा आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घ्या.

या काळात बाकीचं शरीर रिकामं बसवायचं नाही. कुशीवर झोपून पाय सरळ वर उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कोपरांवर आणि गुडघ्यांवर टेकून प्लँक, घोटा न दुखता वर-खाली हलवणं. प्रत्येकी १२-१५ वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. गोळाफेकीसाठी खांद्याचा आणि छातीचा व्यायाम बसून करता येतो. दमसास टिकवायला सायकल चांगली. बहुतेकांना आठवडा-दहा दिवसांनी सपाट रस्त्यावर न दुखता जमते, पण उभं राहून पॅडल मारायचं नाही. पोहता येत असेल आणि शहरात तलाव असेल तर कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात पळण्याची नक्कल करा, पाय तळाला लागू न देता. काठावरून उडी मारायची नाही. पोहता येत नसताना यासाठी विहिरीत किंवा तापीत उतरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

दुसरी पायरी: हाडाला काम देणं

सलग पाच दिवस घरात-बाहेर चालताना दुखलं नाही, दाबल्यावरची कळही जवळजवळ गेली, की ही पायरी. इथेच दोन प्रकारची माणसं चुकतात. एक म्हणतो, दुखत नाही ना, मग उद्यापासून ग्राउंड. दुसरा घाबरून दोन महिने खाटेवर पडून राहतो. पहिल्याचं हाड पुन्हा चिरतं. दुसऱ्याची पोटरी इतकी वाळते की पळायला लागल्यावर सगळा धक्का हाडालाच बसतो. दुखणं थांबणं म्हणजे हाड भरणं नव्हे, आणि नुसत्या विश्रांतीने हाड मजबूतही होत नाही. त्याला मोजून-मापून भार लागतो.

नडगीचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे पोटरीचे स्नायू. भिंतीला हात टेकून दोन्ही पायांनी टाचा उचला, तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, १२ वेळा, तीन फेऱ्या. आठवडाभर न दुखता जमलं की दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एकाच पायावर खाली यायचं. मग पूर्ण एका पायावर. आतल्या जाड स्नायूला गुडघा वाकलेला असताना जास्त काम पडतं. त्यासाठी खुर्चीत बसा, मांडीवर गुडघ्याजवळ दहा किलो धान्याची पिशवी ठेवा आणि टाच उचला. पुढे वीस किलो करा. जिमची गरज नाही, ज्वारीची गोणी पुरते.

जोडीला घराच्या ओट्याच्या पायरीवर एका पायाने चढणं आणि सावकाश उतरणं, स्क्वॉट, एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळणं. पावलासाठी एक साधा व्यायाम: बोटं न वाकवता तळव्याची कमान आखडून वर ओढायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. पहिले चार दिवस जमत नाही, तरी करत राहा.

व्यायामानंतर दोन्ही पोटऱ्या सारख्या जड झाल्या आणि दोन दिवसांत मोकळ्या झाल्या तर ते स्नायूंचं दुखणं, चालेल. जुन्या जागी, बोट ठेवता येईल असं दुखलं तर ते हाड. मग वजन निम्मं करायचं किंवा एक पायरी मागे यायचं. 'थोडं दुखलं तर चालतं' हा नियम स्नायूंच्या दुखापतीला लावतात. हाडाला तो नाही.

चालणंही वाढवा, २० मिनिटांपासून ४५ मिनिटांपर्यंत, आधी वेळ आणि मग वेग.

तिसरी पायरी: पळण्याआधीची परीक्षा

नडगीला साधारण सहा ते आठ आठवडे, पावलाच्या मधल्या हाडांना थोडे कमी, काहींना बारा. कॅलेंडर बघून ठरवू नका. जागेवर अंगठ्याने जोरात दाबून पाहा, कळ नको. ४५ मिनिटं झपाझप चालल्यावर आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर दुखता कामा नये. दुखऱ्या पायावर एकट्याने टाच उचलणं २५ च्या आसपास जमलं पाहिजे, निदान चांगल्या पायाइतकं तरी. शेवटी उड्या. आधी दोन्ही पायांवर लहान २०, दोन-चार दिवसांनी एका पायावर १०, न दुखता, गुडघा मऊ ठेवून.

उड्या नुसती परीक्षा नाही, औषधही आहे. हाडातल्या पेशी थोड्याच धक्क्यांना दाद देतात. चाळीस-पन्नास उड्यांनंतर पुढच्या शंभर उड्यांचा फायदा नगण्य, झीज मात्र चालूच. सहा-आठ तास गेले की पेशी पुन्हा ऐकायला लागतात. म्हणून एका दमात शंभरपेक्षा सकाळी ३० आणि संध्याकाळी ३० चांगल्या. अकॅडमीतल्या दोनशे-दोनशे दोरीच्या उड्यांबद्दल माझं मत यावरून समजून घ्या.

चौथी पायरी: चालत-पळत

दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. दरवेळी आधी आणि नंतर पाच मिनिटं चालायचं. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकंच हळू पळायचं. प्रत्येक टप्पा किमान दोनदा न दुखता झाला की पुढचा.

१. एक मिनिट पळा, चार मिनिटं चाला; चार वेळा
२. दोन मिनिटं पळा, तीन मिनिटं चाला, चार वेळा
३. तीन मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला, पाच वेळा
४. चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला, पाच वेळा
५. सलग १५ मिनिटं
६. सलग २० मिनिटं
७. सलग ३० मिनिटं

कुठेही जुन्या जागी दुखलं तर तिथेच थांबायचं. "हा राउंड पुरा करतो" नाही. चालत घरी, दोन दिवस विश्रांती, मग दोन टप्पे मागे. आठवड्यानंतरही दुखत असेल तर पुन्हा तपासणी.

जागा सपाट हवी. आपली काळी माती पावसाळ्यात चिकटते आणि मार्चनंतर भेगाळते, अशा वावरात घोटा मुरगळतो. डांबरी रस्त्याच्या उतरत्या कडेने पळालं की एकाच पायावर ताण येतो, आणि हायवेवर अंधारात पळणं तर जिवाशी खेळ. मुरमाचं दाबलेलं मैदान सगळ्यात बरं. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, तेव्हा सूर्य वर यायच्या आत आटपा.

एक सोपी सुधारणा म्हणजे पावलं छोटी आणि जलद टाकणं. तीस सेकंदांत उजवं पाऊल किती वेळा पडतं ते मोजा आणि चारने गुणा. समजा ३८ आलं, म्हणजे मिनिटाला १५२ पावलं. त्यात पाच ते दहा टक्के वाढ करा, १६० ते १६७. वेग तोच ठेवायचा. पाय शरीराच्या फार पुढे पडत नाही, नडगीवरचा धक्का कमी होतो. तळ झिजलेले कॅनव्हास बूट टाकून द्या, पण महागड्या बुटांनी हाड वाचेल या भ्रमातही राहू नका.

सलग तीस मिनिटं दोन आठवडे नीट झाली की वेग. आधी ८० मीटरच्या चार-पाच मोकळ्या दौडी, आठवड्यातून एकदा. मग ४०० मीटरचे तुकडे. पूर्ण ताकदीचे १०० मीटर आणि स्पाइक सगळ्यात शेवटी. एका आठवड्यात अंतर आणि वेग दोन्ही वाढवायचं नाही.

ग्राउंडची तारीख जवळ असेल तर

चीर निघाल्यापासून पुन्हा पूर्ण ग्राउंड द्यायला बहुतेकांना तीन ते चार महिने लागतात. ग्राउंड सहा आठवड्यांवर असेल तर मी खोटी आशा देत नाही. इंजेक्शन घेऊन पळणारे असतात, काही जण पासही होतात. मला तेही दिसतात आणि अर्ध्या राउंडला कोसळलेलेही. कमी धोक्याच्या हाडावर हा जुगार कुणी स्वतःच्या मर्जीने खेळला तर मी हात धरू शकत नाही. जांघेच्या दुखण्यावर मात्र कधीच नाही. वय हातात असेल तर हे तीन महिने लेखीला द्या.

ताटात काय

हाड भरायला आधी पोटभर जेवण लागतं. पहाटे उपाशी आठ किलोमीटर, नाश्त्याला चहा-पोहे, वजन वाढायला नको म्हणून रात्री अर्धी भाकरी, असं करणाऱ्याचं हाड भरत नाही. मुलींनी एक गोष्ट लाजून लपवू नये. पळायला लागल्यापासून पाळी तीन महिने आली नसेल तर ते 'फिट झाल्याचं' लक्षण नव्हे, शरीराला अन्न पुरत नाहीये. हाडंही त्याच कारणाने झिजतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

कॅल्शियम रोज १००० मिलिग्रॅमच्या आसपास हवं. जळगावची केळी पळण्याआधी उत्तम, पण त्यात कॅल्शियम नावापुरतंच. ज्वारीच्या भाकरीतही फारसं नाही. सातपुड्याकडे पिकते ती नागली (नाचणी) मात्र श्रीमंत आहे, १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. दिवसातून एक वेळ नागलीची भाकरी, दोन ग्लास दूध किंवा दही-ताक, वर तिळाची चटणी, एवढ्यात बरंचसं जमतं. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, त्यामुळे प्रथिनंही मिळतात. मांसाहार चालत असेल तर अंडी घ्या.

"आमच्याकडे ऊनच ऊन, ड जीवनसत्त्व कसं कमी असेल?" असं सगळे विचारतात. पहाटे पाचला पळायचं, दिवसभर अभ्यासिकेत बसायचं, बाहेर पडलं तर तोंडाला रुमाल. कोवळ्या तिरप्या उन्हात ते जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. रक्त तपासून डॉक्टर ६०,००० युनिटची मात्रा देतात, ती सांगितली तेवढेच आठवडे घ्या, मेडिकलमधून मनाने वर्षभर नको. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी नौदलाच्या महिला रिक्रूटांवरच्या अभ्यासात रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर वीस टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे उपयोग आहे, पण पाचातली चार गोळीने टळली नाहीत. आणि तंबाखू, गुटखा, बिडी बंद. निकोटिन हाड भरण्याचा वेग कमी करतं.

पळणं पूर्ववत झाल्यावरही पुढचे तीन महिने दर रविवारी नडगीवरून अंगठा फिरवून पाहा. वहीत फक्त तीन रकाने हवेत: किती मिनिटं पळालो, दाबल्यावर दुखलं का, सकाळी उठल्यावर दुखलं का. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रकान्यात 'हो' आलं की त्या आठवड्याचं पळणं निम्म्यावर आणा, आणि पुढच्या रविवारीही 'हो' असेल तर वही घेऊन या.